किल्ली बंद, करंट चालू

मोटारसायकलची बॅटरी दोन तऱ्हांनी रिकामी होते. गाडी धावताना जेवढा करंट खर्च होतो तेवढा परत भरला जात नाही, ही एक तऱ्हा. गाडी उभी असताना, किल्ली खुंटीला टांगलेली असताना करंट कुठूनतरी झिरपत राहतो, ही दुसरी. गॅरेजमध्ये पहिलीला ‘चार्जिंग होत नाही’ म्हणतात आणि दुसरीला ‘लीकेज’, किंवा नुसतेच ‘कुठंतरी करंट खातंय’. पहिला दोष इंजिन चालू करून मीटर लावला की पाच मिनिटांत कळतो. दुसरा रात्रभर काम करतो आणि सकाळी मालक घामाघूम झाला की मगच त्याची चाहूल लागते. तो हुडकणे ही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्यातली खरी परीक्षा. किल्ली बंद केल्यावरही बॅटरीला चिकटून राहणारा भाग मोटारसायकलीच्या दर पिढीत बदलला, आणि त्याच्यामागोमाग तो पकडण्याची रीतही बदलत गेली.

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी मोटारसायकलपेक्षा वयाने मोठी आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर याने प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात घाऊक बनवण्याजोगी झाली. पहिल्या मोटारसायकलवाल्यांना मात्र ती ओझेच वाटे. १८९० च्या दशकातल्या द दियों-बुतों तीनचाकीत बॅटरी आणि कॉइलने ठिणगी पाडत, पण गाडीवर वीज तयार करणारे काहीच नव्हते. बॅटरी वापरायची, संपली की उतरवून दुसरी लावायची. गळती असली काय नि नसली काय, शेवट एकच. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि ही कटकट मिटली, कारण मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरतो आणि आपली ठिणगी आपणच पाडतो. दिव्याचे काम कार्बाइडवर भागे. डबीतल्या कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघायचा आणि त्याच्या ज्योतीत रस्ता दिसायचा. अशा गाडीत रात्रीतून उतरण्यासारखे काही नव्हतेच.

पहिल्या महायुद्धानंतर विजेचे दिवे आणि हॉर्न आले, त्यांच्याबरोबर डायनामो आला, आणि डायनामोबरोबर ६ व्होल्टची बॅटरी कायमची मुक्कामाला आली. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने मॅग्नेटो आणि डायनामो एकाच जोडणीत बसवून ‘मॅगडायनो’ काढला आणि तो पुढे कित्येक वर्षे ब्रिटिश मोटारसायकलींवर दिसत राहिला. या व्यवस्थेत एक जुनी अडचण होती. डायनामो फिरत असताना बॅटरीला करंट देतो, पण इंजिन थांबले की तोच डायनामो बॅटरीच्या दृष्टीने तांब्याच्या तारेचा एक वेटोळा उरतो. वाट मोकळी राहिली तर बॅटरी उलट डायनामोला करंट देऊ लागते आणि त्याला मोटर बनवू पाहते. डायनामो इंजिनाच्या दात्यांना जोडलेला, त्यामुळे तो फिरत नाही, नुसता तापतो.

म्हणून मध्ये कटआउट बसवत. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार, वर स्प्रिंगने उचलून धरलेली पत्ती आणि तिच्या टोकाला दोन पॉइंट, एवढेच ते यंत्र. डायनामोचा दाब साधारण साडेसहा व्होल्टच्या आसपास पोचला की पत्ती खाली खेचली जाते आणि बॅटरी जोडली जाते. इंजिन मंदावले, करंट उलटा वाहू लागला की पत्ती सुटते. लिहायला दोन ओळींचे हे काम, पण सगळा भार त्या दोन इवल्या पॉइंटांवर. ते ठिणग्यांनी खडबडीत झाले, एकमेकांना चिकटले आणि सुटलेच नाहीत, तर काही तासांत बॅटरी साफ बसते आणि तेवढ्यात डायनामोची वाइंडिंगही जळू शकते. बॅटरी उतरवणारा मोटारसायकलीवरचा पहिला खरा गुन्हेगार हाच. त्याची तपासणी सोपी होती. पेटीचे झाकण काढायचे, इंजिन बंद असताना पॉइंट उघडे आहेत का ते डोळ्यांनी पाहायचे, काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. ल्यूकसला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत ब्रिटिश चालकांनी विनोद पुष्कळ केले. त्यातला निम्मा दोष खडखडणाऱ्या एकसिलिंडर इंजिनाचा आणि ओल्या हवेचा होता, असे म्हणायला जागा आहे.

भारतात या विद्येचे पहिले मोठे विद्यापीठ बुलेट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने रॉयल एन्फील्डच्या ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधला मूळ कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची बुलेट जवळजवळ तशीच निघत राहिली. त्यामुळे १९५० च्या दशकातली ब्रिटिश विद्युतरचना आपल्याकडच्या रस्त्यांवर चार दशके जिवंत राहिली, आणि ती दुरुस्त करणारेही.

बुलेटच्या हेडलाइटभोवतीचा ओतीव भाग, म्हणजे कॅस्केट, हा तिचा चेहरा. मध्ये मोठा दिवा, दोन्ही बाजूंना दोन छोटे पायलट दिवे आणि वर स्पीडोमीटरच्या जोडीला एक लहानसा अँमीटर. किल्ली टाकली की अँमीटरचा काटा डावीकडे कलतो, इंजिन फिरू लागले की उजवीकडे. बुलेटवाल्याच्या डोळ्यांना या काट्याची सवय झालेली असते आणि गाडी बंद केल्यावर तो मध्यावर आला की त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणे मात्र फसवे. ब्रिटिश मोटारसायकलींवर सर्रास दिसणाऱ्या अँमीटरची पट्टी दोन्ही बाजूंना आठ अँपिअरपर्यंत जाते. एक दशांश अँपिअरची गळती त्या पट्टीवर काट्याच्या जाडीएवढीही दिसत नाही. तरी १२ अँपिअर-अवरची बॅटरी त्या गळतीने १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत, रिकामी होते. रोज गाडी काढणाऱ्याला ते कळतही नाही. आठवडाभर गावाला जाऊन आलेल्याला कळते.

पायलट दिव्यांचा हिशेब याहून वेगवान. प्रत्येकी तीन वॅटचे दोन बल्ब ६ व्होल्टवर मिळून एक अँपिअर घेतात, म्हणजे संध्याकाळी चालू राहिले तर पहाटेपर्यंत खेळ खलास. जुन्या ब्रिटिश पद्धतीत दिव्यांचा स्विच इंजिनाच्या किल्लीच्या ताब्यात नसे, त्यामुळे ही चूक हातून सहज होई. किल्लीची चूकही तितकीच महागडी. पॉइंट आणि कॉइलच्या गाडीत किल्ली चालू राहिली आणि इंजिन नेमके पॉइंट मिटलेल्या जागी थांबले, तर कॉइलमधून सलग काही अँपिअर वाहत राहतात. बॅटरी तर जातेच, कॉइलही भाजते. गळती शोधायला बसलेला जुना इलेक्ट्रिशियन म्हणून वायरला हात लावण्याआधी मालकाला विचारतो, ‘साहेब, किल्ली काढली होती ना?’

डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली तेव्हा कटआउट गेला आणि त्याच्या जागी रेक्टिफायर आला. अल्टरनेटर एसी करंट देतो, बॅटरीला डीसी हवा असतो, आणि रेक्टिफायर त्या दोघांमधला एकेरी दरवाजा. एका बाजूला जाऊ द्यायचे, परत येऊ द्यायचे नाही. म्हणजे कटआउटचे कामही तोच करतो, फक्त हलत्या पत्तीशिवाय. पहिले रेक्टिफायर सेलेनियमचे होते. गोल किंवा चौकोनी चकत्या एका बोल्टवर एकामागे एक ओवलेल्या, मध्ये हवा खेळायला फट. वय झाले की सेलेनियमचा दरवाजा किलकिला राहू लागतो. करंट थोडा थोडा मागे येतो आणि अल्टरनेटरच्या तारेतून परत निघून जातो. पूर्ण जळाला तर सडक्या कोबीसारखा वास सुटतो. हा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. चकत्या घट्ट धरणाऱ्या मधल्या बोल्टचा नट फिरवायचा नाही, ही आणखी एक शिकवण. तो फिरला की चकत्या एकमेकींवर घासून फिरतात, संपर्क बिघडतो आणि चांगला रेक्टिफायर पाना लावणाऱ्याच्या हातून मरतो. पुढे सिलिकॉन डायोड आले. ते बरेच टिकाऊ, पण बॅटरी उलटी जोडली तर क्षणात जाणारे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेले असे, नंतरच्या गाड्यांत निगेटिव्ह. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच दुकानात येत त्या काळात सवयीने लाल वायर बॅटरीला आणि काळी बॉडीला लावणाऱ्या हातांनी किती डायोड घालवले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

इथे गळतीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. रेक्टिफायरचे बॅटरीशी असलेले नाते बहुतेक गाड्यांत किल्लीतून जात नाही. किल्लीच्या स्विचने दिवे तुटतात, कॉइल तुटते, हॉर्न तुटतो, पण चार्जिंगची वायर सरळ बॅटरीला जाऊन भिडते आणि चोवीस तास जिवंत राहते. म्हणून जुन्या गाडीत किल्ली बंद असताना करंट जात असेल तर पहिला संशय रेक्टिफायरवर घ्यायचा, हा नियम पन्नास-साठ वर्षे टिकून आहे.

बुलेटच्या जोडीला याच काळात जावा आली. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकाच्या आरंभी चेकोस्लोव्हाकियाच्या रचनेच्या २५० सीसी गाड्या निघू लागल्या. १९७३ पासून त्याच कुळातली येझदी आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जुन्या जावाची किल्ली म्हणजे हेडलाइटवरच्या छिद्रात दाबून बसवायची एक सळई. खिळ्यानेही गाडी चालू होते असे लोक म्हणत, आणि त्यात तथ्य होते. डायनामो थेट क्रँकच्या टोकावर, रेग्युलेटर आणि कटआउटची पेटी वेगळी. बुलेटवर अँमीटर वाचायला शिकलेल्याला इथे एक लाल दिवा तेवढा मिळे. तो विझला की चार्जिंग चालू असे समजायचे आणि पुढे जायचे.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य दुचाकींना मात्र हा ताप नव्हताच. पुण्याजवळ आकुर्डीला १९६० च्या दशकात बजाजच्या स्कूटर निघू लागल्या. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणारी माणसे बॅटरीचा विचारही करत नसत, कारण त्यांतल्या पुष्कळ मॉडेलांत बॅटरी नव्हतीच. फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून एसी करंट निघे आणि तोच सरळ दिव्याला जाई. सिग्नलला इंजिन मंद झाले की हेडलाइट मिणमिणे, रेस दिली की उजळे, आणि हॉर्न घुमणाऱ्या भुंग्यासारखा वाजे. त्यात गैरसोय होती, पण महिनाभर पार्किंगमध्ये पडलेली स्कूटर बॅटरी बसल्याच्या कारणाने कधी अडली नाही.

ज्यांना बॅटरी होती त्यांच्यासाठी एक स्वतंत्र दुकान तयार झाले. इंजिन उघडणारा मिस्त्री वेगळा आणि ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा, ही विभागणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. पाटीवर तीन गोष्टी असत: बॅटरी चार्जिंग, डायनामो-सेल्फ दुरुस्ती, वायरिंगची सर्व कामे. एसटी स्टँडच्या आसपास, ट्रक थांबतात तिथे ही दुकाने सापडत, कारण धंद्याचा मोठा भाग ट्रक आणि ट्रॅक्टरचा. मोटारसायकल हे जोडकाम. आत लाकडी फळीवर बॅटऱ्यांची रांग, एकीचे पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडलेले, प्रत्येकीवर खडूने गिऱ्हाइकाचे नाव. बूच उघडी, आत बारीक बुडबुडे, आणि हवेत घशाला झोंबणारा ॲसिडचा वास. पोऱ्याच्या पँटवर गुडघ्यापाशी ॲसिडने पडलेली भोके ही या धंद्याची खूण. त्याच्या हातात काचेची पिचकारी असे, म्हणजे हायड्रोमीटर. सेलमधले पाणी ओढून आतला तरंगक कुठवर बुडतो ते पाहायचे. १.२५० च्या वर असेल तर सेल भरलेला, १.१५० च्या खाली असेल तर रिकामा. सहापैकी पाच सेल वर आणि एक कायम खाली राहत असेल तर गाडीत गळती शोधण्यात अर्थ नाही, गळती बॅटरीच्या पोटात आहे. प्लेटांवरून झडलेला गाळ तळाशी साचतो, साचत साचत प्लेटांना टेकतो आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने. आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला सुरू झाला आणि मुंबईत स्टँडर्ड बॅटरीजचे बस्तान होते. पण नवी बॅटरी महाग, म्हणून जुनीच नव्याने बांधून देणारे कारागीर गावोगाव होते. कडक रबराच्या पेटीवरचे डांबर तापवून काढायचे, मेलेला सेल उपसायचा, नव्या प्लेटा घालून वर पुन्हा डांबर ओतायचे. प्लॅस्टिकच्या सीलबंद पेट्या आल्या आणि हे काम आटले. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन विक्रेत्यांवर घालणारे नियम २००१ मध्ये आले. उघड्यावर शिसे वितळवणे किती घातक हे तोवर कळून चुकले होते.

या दुकानांत गळती पकडण्याच्या दोन रीती पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. पहिली ठिणगीची. किल्ली बंद, सगळे स्विच बंद, बॅटरीची एक वायर काढायची आणि टोक टर्मिनलला हलकेच टेकवून उचलायचे. काहीच चालू नसेल तर काहीच होणार नाही. बारीक ठिणगी उडाली तर कोणीतरी करंट पितो आहे. अनुभवी माणूस ठिणगीच्या रंगावरून आणि आवाजावरून गळती मोठी की छोटी ते सांगे, आणि हे काम दुपारच्या उन्हात न करता दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात करी. उघड्या बुचांच्या, ताज्या चार्ज झालेल्या बॅटरीवर मात्र ही रीत कोणी वापरू नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीत तो भडकू शकतो.

दुसरी रीत टेस्ट लॅम्पची, आणि ती अधिक शहाणी. जुन्या इंडिकेटरचा होल्डर, त्यात गाडीच्या व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, टोकांना चिमटे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये हा बल्ब जोडायचा. आता गाडीत जाणारा प्रत्येक अँपिअर बल्बमधून जाईल. बल्ब भक्क पेटला तर कुठेतरी वायर सरळ बॉडीला टेकली आहे. मंद लाल झाला तर एखादा भाग अर्धवट गळतो आहे. मग बल्बवर नजर ठेवून एकेक जोड सोडवत जायचे. रेक्टिफायरचा सॉकेट काढला, बल्ब तसाच. हॉर्नची वायर काढली, तसाच. ब्रेकच्या स्विचचे टोक काढले आणि बल्ब विझला, की चोर सापडला. बल्ब स्वतःच अडथळा असल्यामुळे शॉर्ट असला तरी वायर जळत नाही, हा याचा मोठा गुण. फ्यूज पुन्हा पुन्हा उडवून शोधणाऱ्यांना तो उशिरा कळतो. दोष एवढाच, की फार बारीक गळती या बल्बला दिसत नाही. तीन वॅटचा बल्बही नीट पेटायला पाव अँपिअर मागतो. वीस-तीस मिलीअँपिअर त्यातून निघून जातात आणि तार लालसुद्धा होत नाही.

कोकणात आणि मुंबईत या कामाला पावसाची जोड होती. पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, सॉकेटमध्ये ओल आणि मीठ साचते आणि दोन टोकांमध्ये करंटाला वाट मिळते. त्याने बॅटरी एका रात्रीत बसत नाही, पण पावसाळाभर ताडपत्रीखाली राहिलेली गाडी दसऱ्याला धुऊन पूजेला काढली की हॉर्न घशात अडकतो. बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि ॲसिडचा ओला थर असला तर तोही करंट वाहून नेतो. व्होल्टमीटरचे एक टोक टर्मिनलवर आणि दुसरे नुसत्या प्लॅस्टिकच्या माथ्यावर टेकवले तरी आकडा दिसतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. उपाय खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि फडके.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या: १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, त्यानंतर कावासाकी बजाज. यांच्यात ठिणगी सीडीआय या इलेक्ट्रॉनिक पेटीने पडे आणि सीडीआयला लागणारा करंट मॅग्नेटोतून येई. हेडलाइटही मॅग्नेटोवरच. अडीच अँपिअर-अवरची एवढीशी १२ व्होल्टची बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकच्या दिव्यापुरती. ती मेली तरी गाडी एका किकमध्ये चालू. याचा परिणाम असा की एक अख्खी पिढी बॅटरीशिवाय गाडी चालवायला शिकली. ‘बॅटरी नाही, तरी चालते’ हे विकणाऱ्याचे सर्टिफिकेट झाले आणि गळती शोधण्याची मागणी ओसरली. याच सुमारास, १९८४ मध्ये, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा बटनावर चालू होणारी स्कूटर म्हणून आली. बॅटरी बसली तर तिलाही किक होती, पण बटनाची चटक लागलेल्या मालकाला ती उतरलेली बॅटरी म्हणजे बिघाडच वाटे.

मोटारसायकलीत हीच गोष्ट २००१ नंतर घडली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बजाजची पल्सर आली आणि काही वर्षांत सेल्फ स्टार्ट ही चैन न राहता अपेक्षा झाली. स्टार्टर मोटर काही क्षणांत शंभराच्या आसपास अँपिअर ओढू शकते. बॅटरी अर्धी उतरली असेल तर दिवा लागतो, हॉर्न वाजतो आणि बटन दाबल्यावर रिले फक्त टकटक करतो. गळतीकडे दुर्लक्ष करणे पुन्हा परवडेनासे झाले, आणि आता ती आधीपेक्षा बारीक होती. ती पाहायला मीटर हवा होता.

मल्टिमीटर ही नवी वस्तू नव्हती. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी याने सुचवलेला ॲव्होमीटर १९२३ मध्ये बाजारात आला आणि नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काटेवाले मीटर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना परिचयाचे होते. पण ते महागडे, जपून वापरायचे यंत्र. ग्रीस आणि ॲसिडच्या दुकानात त्याला जागा नव्हती. स्वस्त डिजिटल मीटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गावोगाव पोचले तेव्हा टेस्ट लॅम्पच्या शेजारी पिवळ्या रंगाची एक डबी टांगली जाऊ लागली. पहिल्या काही महिन्यांत तिचा फ्यूज हमखास उडे. मिलीअँपिअरच्या भोकात टोक घालून मीटर बॅटरीच्या वायरीत जोडायचा आणि विसरून किल्ली फिरवायची, ही चूक प्रत्येकाने एकदा केलेली असते. सुरुवात दहा अँपिअरच्या भोकातून करायची, आकडा लहान आहे हे पाहून मग खाली यायचे, आणि मीटर जोडलेला असताना किल्ली किंवा हॉर्नला हात लावायचा नाही.

आता जुन्या बुलेट, येझदी, आरएक्स पुन्हा किमती झाल्या आहेत. त्यांच्या गळतीचा शोध जुन्या दोन्ही रीती आणि मीटर मिळून होतो. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीपासून सुटी दोन दिवस ठेवतात. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या वर टिकली तर ती निर्दोष, आपोआप १२ कडे घसरली तर दोष तिच्याच पोटात. मग निगेटिव्ह वायरीत मीटर. ज्या गाडीवर घड्याळ नाही, अलार्म नाही, तिच्यात आकडा शून्य किंवा शून्याला चिकटलेला हवा. ५० मिलीअँपिअर दिसले तर ९ अँपिअर-अवरची बॅटरी १८० तासांत, म्हणजे साडेसात दिवसांत, पूर्ण रिकामी. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी थंडावतो. पहिल्यांदा रेक्टिफायरचा सॉकेट सोडवायचा. आकडा पडला तर प्रश्न सुटला. नाही पडला तर फ्यूज काढायचा. फ्यूज काढूनही गळती चालूच असेल तर दोष बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वीतभर वायरीत किंवा स्टार्टरच्या रिलेत आहे, आणि अर्धी गाडी संशयातून सुटली. थांबली तर वाट किल्लीच्या स्विचकडे जाते. त्याच्या आत वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी काजळी धरलेली असते आणि बंद स्थितीतही ती दोन टोकांमधून करंट झिरपू देते. शेवटी हॅंडलच्या मानेत, जिथे वायरिंगचा जुडगा दर वळणाला वाकतो आणि इन्शुलेशन झिजते, तिथे बोटांनी चाचपत जायचे. मीटरवर नजर ठेवून हॅंडल डावी-उजवीकडे फिरवले की आकडा उडी मारतो का, ते पाहायचे. टाकीखालचे उंदराचे घरटे इथेच सापडते.

पुष्कळदा मात्र चोर कंपनीने बसवलेलाच नसतो. मालकाने पुण्याच्या नाना पेठेतून किंवा जवळच्या बाजारातून आणून लावलेला रंगीत एलईडीचा पट्टा, मोबाइल चार्जिंगचे सॉकेट, रिमोटचा अलार्म, चोरी झाल्यास शोधण्यासाठी लावलेला ट्रॅकर: हे सारे ‘सरळ बॅटरीवरून’ जोडलेले असते, कारण तशी जोडणी पाच मिनिटांत होते. त्यामुळे अनुभवी इलेक्ट्रिशियन सीट काढल्यावर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर किती वायरी आहेत ते मोजतो. दोनपेक्षा जास्त असल्या की त्या ज्यादा वायरींपासून सुरुवात.

नव्या गाड्यांनी ठिणगीची रीत निकालात काढली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत चालू राहणे सक्तीचे झाले. दोन वर्षांनी १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ बरोबर फ्युएल इंजेक्शन सर्रास आले. संगणक, घड्याळ, मीटरची स्मृती हे सारे किल्ली बंद असतानाही एखाद-दोन मिलीअँपिअर पीत राहतात, आणि तो दोष नसून रचनाच आहे. अशा गाडीची वायर टर्मिनलला टेकवली की आतले कपॅसिटर भरताना ठिणगी उडतेच, गळती असो वा नसो. मीटर जोडल्यावरही लगेच दिसणारा आकडा खरा मानत नाहीत. गाडीतला संगणक झोपी जाईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या नव्या गाडीसाठी आता बॅटरीला हळूहळू करंट देत राहणारा छोटा चार्जर घेतात. जुन्या बुलेटच्या निगेटिव्ह वायरीत मात्र पितळी पात्याचा कटऑफ स्विच बसवतात आणि गाडी उभी केली की पाते वर उचलतात.